मुदत घातली कोणी? कंपन्यांच्या थकबाकीचे दावे, कोर्टाच्या अटी आणि हुकलेल्या तारखा

रोजनामा:

थकबाकीच्या दाव्यात ‘चार आठवड्यांत इतकी रक्कम कोर्टात भरा’ असा आदेश झाला की लगेच अकाउंट्समधून प्रश्न येतो: तारीख वाढवून मिळेल ना? उत्तर त्या तारखेच्या उगमावर आहे. कायद्यानेच घातलेली असेल तर बहुतेक वेळा न्यायाधीशांचेही हात बांधलेले असतात. कोर्टाने आपल्या आदेशात घातलेली असेल तर थोडी जागा असते. आणि कंपनीनेच हमीपत्रात किंवा तडजोडीत लिहून दिलेली असेल तर तो तिसराच प्रकार, सगळ्यांत वाईट. तिन्हींची सरमिसळ होते, म्हणून हा धागा.

समरी (झटपट निकालाच्या) दाव्यापासून सुरू करतो, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७. हुंडी, वचनचिठ्ठी, लेखी करारातली ठरावीक रक्कम अशा येण्यांसाठी हा रस्ता. समन्स बजावल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजेरी नोंदवून नोटिशीचा पत्ता द्यायचा. मग वादी ‘समन्स फॉर जजमेंट’ (निकाल मागणारी नोटीस) बजावतो. ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत ‘लीव्ह टु डिफेंड’चा, म्हणजे बचाव करायच्या परवानगीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रासह. ह्यातले कुठलेही १० दिवस हुकले की वादी हुकूमनामा मागायला मोकळा. सबळ कारण असेल तर नियम ३(७) खाली उशीर माफ होऊ शकतो. हुकूमनामा होऊन गेल्यावर मात्र नियम ४ ची ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते, आणि ती पायरी बरीच उंच आहे. ‘फाइल हेड ऑफिसला पडून होती’ एवढ्यावर ती चढता येत नाही.

ह्या परवानगीला अट कधी पडते, ह्याची चौकट सर्वोच्च न्यायालयाने आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाउन ह्या निकालात (१५ नोव्हेंबर २०१६) घालून दिली. बचाव भक्कम किंवा निदान रास्त असेल तर बिनशर्त परवानगी. बचावाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका असेल तर रक्कम किंवा तारण, किंवा दावा कसा नि किती वेळात चालवायचा ह्याच्या अटी. बचाव शक्य कोटीतला पण पटण्यासारखा नसेल तर दोन्ही. बचावच नसेल तर परवानगी नाही. जेवढी रक्कम कबूल आहे तेवढी तर भरावीच लागते. त्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने दिलेली बिनशर्त परवानगी बदलून ४१८ कोटी मुद्दल जमा करा किंवा तेवढं तारण द्या, तेही तीन महिन्यांत, अशी अट घातली गेली.

हिशेबनीस:

अट पडल्यावर प्रत्यक्षात काय चुकतं ते लिहितो, कारण पैसे असूनही तारीख हुकलेली दिसते.

एक, दिवस मोजायला सुरुवात कुठून? ‘आजपासून चार आठवडे’ म्हणजे निकालाच्या दिवसापासून. आदेश संकेतस्थळावर आठ दिवसांनी चढला तर ते आठ दिवस आपले गेले. ‘आदेश अपलोड झाल्यापासून’ हे शब्द हवे असतील तर वकिलांनी आदेश सांगितला जात असतानाच ते मागून घ्यायचे.

दोन, पैसे कुणाच्या नावाने? मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत ‘प्रोथोनोटरी अँड सीनियर मास्टर’ (तिथल्या कचेरीचे प्रमुख अधिकारी). डिमांड ड्राफ्टवर नावात चूक झाली की काउंटरवरून परत. शेवटच्या दिवशी दुपारी ड्राफ्ट काढायला जाणं म्हणजे पायावर धोंडा पाडून घेणं.

तीन, बँक गॅरंटी. आदेशात ‘राष्ट्रीयीकृत बँकेची’ लिहिलं असेल तर सहकारी बँकेची चालत नाही. मसुदा रजिस्ट्रीच्या (कोर्टाच्या कचेरीच्या) पसंतीस उतरावा लागतो. बँकेला संचालक मंडळाचा ठराव, मार्जिनची मुदत ठेव आणि स्टॅम्प पेपर लागतो. रोख भरायला दोन दिवस पुरत असतील तर गॅरंटीला तीन आठवडे धरा. म्हणजे ‘चार आठवड्यांत गॅरंटी’ ह्या अटीत हाताशी खरा आठवडा एकच.

चार, टीडीएस कापून भरू नका. कोर्टात जमा करणं म्हणजे वादीला व्याज देणं नव्हे. शंभरची अट असताना नव्वद भरले तर ती अट मोडलेलीच.

मुंबईच्या सशर्त आदेशांत शेवटी नेहमी एक ओळ असते: रक्कम भरली नाही तर वादीने प्रोथोनोटरीकडून ‘नॉन-डिपॉझिट सर्टिफिकेट’ घ्यावं आणि एकतर्फी हुकूमनाम्यासाठी अर्ज करावा. वादीचा कारकून मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दाखल्यासाठी उभा असतो.

शेवंती:

समजा तारीख गेलीच. मग संपलं का? दिवाणी संहितेच्या कलम १४८ मध्ये ३० दिवसांची मर्यादा आहे ना?

रोजनामा:

आहे, पण ती लोखंडी नाही. कलम १४८ प्रमाणे कोर्टाने ठरवलेली मुदत एकूण ३० दिवसांपर्यंत वाढवता येते, मूळ मुदत उलटून गेली असली तरीही. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशनच्या २००५ च्या निकालात असं ठरलं की पक्षकाराच्या हाताबाहेरच्या कारणाने काम झालं नसेल तर त्यापुढेही वाढ देता येते. त्याआधी १९६१ मध्ये महंत राम दास विरुद्ध गंगा दास ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की ‘अमुक दिवशी भरलं नाही तर दावा फेटाळला जाईल’ असा आदेश असला तरी कोर्ट त्यावर पुन्हा विचार करूच शकत नाही असं नाही.

अर्ज कसा आहे ह्यावर पुष्कळ ठरतं. मुदत संपायच्या आत टाकलेला अर्ज आणि दाखला निघाल्यावर टाकलेला अर्ज ह्यांची किंमत एक नसते. किती भरलं, कधी भरलं, पावत्या. उरलेलं कुठून येणार, त्या बँकेचं मंजुरीपत्र. आणि एक ठाम तारीख. ‘बाजारात मंदी आहे’ ह्यावर कुणी वाढ देत नाही. निम्मी रक्कम भरून मग मुदत मागा, नुसता अर्ज देऊ नका. आणि नुसता अर्ज दाखल आहे म्हणून मुदत थांबत नाही.

दावा व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्याखालचा आणि साधा, म्हणजे समरी नसलेला असेल तर कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) ३० दिवसांत, फार तर समन्स बजावल्यापासून १२० व्या दिवसापर्यंत. त्यानंतर हक्कच जातो (एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स, २०१९). तिथे कलम १४८ वगैरे काही चालत नाही. बाजू तीच, वकील तोच, न्यायाधीशही तेच, पण मुदत विधिमंडळाची.

अर्धविराम:

+१. एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) पण सोपं आहे, प्रमाणित प्रत हातात आल्यापासून ४५ दिवस अपिलाला मिळतात, वर आणखी ४५ माफ होतात. तिथे एवढी घाई नसते.

पोफळी:

अर्धविराम, हे वाचून कुणी तरी अपील घालवेल, म्हणून लगेच दुरुस्त करते.

तुम्ही सांगताय ते कंपनी कायद्याचं कलम ४२१. दिवाळखोरी संहितेचं अपील कलम ६१ खाली जातं. तिथे ३० दिवस, आणि सबळ कारणाने फक्त १५ जास्त. ४६ व्या दिवशी एनसीएलएटीला (एनसीएलटीवरच्या अपील न्यायाधिकरणाला) माफीचा अधिकारच नाही. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज विरुद्ध अनिल कोहली (२०२१) ह्या निकालात हे पक्कं झालं. न्यायाधिकरण एकच, इमारत एकच, पण कायदा दुसरा म्हणून मुदत दुसरी.

शिवाय मोजणी प्रत मिळाल्यापासून होत नाही. व्ही. नागराजन विरुद्ध एसकेएस इस्पात (ऑक्टोबर २०२१): आदेश जाहीर झाल्यापासून घड्याळ सुरू. फुकट मिळणाऱ्या प्रतीची वाट बघत बसलात तर तो तुमचा प्रश्न. नकलेचा अर्ज ३० दिवसांच्या आत केलात तर प्रत तयार व्हायला लागलेले दिवस वजा होतात, अर्जच केला नाही तर एकही दिवस वजा होत नाही. आदेशाचा पहिला दिवस मोजायचा नाही, आणि ई-फायलिंगची तारीख धरली जाते (संकेत कुमार अगरवाल, २०२३). त्यामुळे आदेश झाला त्याच संध्याकाळी नकलेचा अर्ज करा, अपील करायचं ठरलेलं नसलं तरी. खर्च किरकोळ असतो.

अर्धविराम:

मान्य, दोन कायदे मिसळले. वरचा प्रतिसाद चुकीचा आहे, कुणी त्यावर विसंबू नये.

सुट्ट्यांचं काय? शेवटचा दिवस नाताळच्या सुट्टीत आला तर उघडल्यावर पहिल्या दिवशी दाखल केलेलं चालतं ना?

पोफळी:

मूळ मुदतीला चालतं. वाढीव मुदतीला नाही. भीमाशंकर सहकारी साखर कारखाना विरुद्ध वालचंदनगर इंडस्ट्रीज (१० एप्रिल २०२३) वाचा. लवादाच्या निवाड्याला कलम ३४ खाली आव्हान द्यायला तीन महिने, वर माफ होऊ शकणारे ३० दिवस. ते ३० दिवस कोर्टाच्या हिवाळी सुट्टीत संपले आणि अर्ज २ जानेवारीला, कोर्ट उघडल्यावर पडला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, मुदत कायद्याच्या कलम ४ मधली ‘ठरवून दिलेली मुदत’ म्हणजे पहिले तीन महिनेच. गेलं ते गेलं. नोव्हेंबरात मूळ मुदत संपणाऱ्या प्रत्येक प्रकरणात हा सापळा आहे.

हिशेबनीस:

निवाड्याचा विषय निघालाच आहे तर लघुउद्योगांच्या येण्याची अट सांगतो, कारण ती मोठ्या कंपन्यांना फार लागते. एमएसएमई कायद्याचं कलम १९: फॅसिलिटेशन कौन्सिलच्या (लघुउद्योगांच्या येण्याचे वाद ऐकणाऱ्या परिषदेच्या) निवाड्याला आव्हान द्यायचं तर आधी निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम जमा. ७५ टक्के म्हणजे मुद्दलाचे नव्हे, व्याजासकट. आणि कलम १६ चं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ.

हिशेब मांडतो. मुद्दल ४० लाख, उशीर तीन वर्षं, बँक रेट ६.५ टक्के धरू. तिप्पट म्हणजे १९.५, महिन्याला १.६२५. वर्षाला चक्रवाढीने २१.३४ टक्के पडतं. तीन वर्षांनी ४० चे जवळपास ७१.५ लाख होतात. त्याचे ७५ टक्के ५३.६ लाख. नुसतं भांडायला उभं राहण्यासाठी मुद्दलापेक्षा साडेतेरा लाख जास्त. पुष्कळ खरेदी खात्यांना हे कळतं तेव्हा ९० वा दिवस उजाडलेला असतो.

ही अट माफ होत नाही (गुजरात स्टेट डिझास्टर मॅनेजमेंट अथॉरिटी विरुद्ध अस्का इक्विपमेंट्स, २०२१). हप्त्यांनी भरायची मुभा मात्र कोर्टाने दिलेली आहे, गुडइयर विरुद्ध नॉर्टन इनटेक (२०१२) पाहा. म्हणून क्रम असा: अर्ज मुदतीत दाखल करा, त्याच दिवशी हप्त्यांची परवानगी मागा, पहिला हप्ता मोठा ठेवा. पैसे जमेपर्यंत अर्जच थांबवून ठेवला तर अटीच्या भीतीने मुदत घालवल्यासारखं होतं.

बँकेच्या कर्जात ह्याचीच भावंडं आहेत. सरफेसीखाली (तारण थेट ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली) डीआरटीच्या, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाच्या निकालावर अपील करायचं तर कर्जदाराला ५० टक्के भरावे लागतात, कारण नोंदवून ते २५ पर्यंत खाली आणता येतात, शून्य होत नाहीत. डीआरटीकडच्या वसुली दाव्यावरच्या अपिलातही ५० आणि २५ हेच आकडे.

टर्मिनल२:

तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे स्वतःच्या शब्दाबद्दल, अजून कुणी लिहिलं नाही. त्यात एरिक्सन विरुद्ध रिलायन्स कम्युनिकेशन्ससारखं दुसरं उदाहरण नाही, आणि ते आपल्या मुंबईतलंच.

एरिक्सनचं येणं दीड हजार कोटींच्या वर. १५ मे २०१८ ला मुंबईच्या एनसीएलटीने दिवाळखोरीची याचिका दाखल करून घेतली. ३० मे ला एनसीएलएटीने तिला स्थगिती दिली, कारण ५५० कोटींवर तडजोड ठरली आणि ते १२० दिवसांत द्यायचे होते. ३ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हीच तडजोड नोंदवली, ३० सप्टेंबर ही तारीख घातली आणि अध्यक्षांची हमीपत्रं मागितली. ती तारीख चुकली. २३ ऑक्टोबरला १५ डिसेंबरपर्यंत वाढ मिळाली, १२ टक्के व्याजासह आणि ‘शेवटची संधी’ ह्या शब्दांसह. तीही चुकली.

हमीपत्रांत असं लिहिलं होतं की मालमत्ता विकून येणाऱ्या पैशांतून रक्कम देऊ. कोर्टाच्या आदेशात असली अट नव्हती. म्हणजे आदेश बिनशर्त, हमी सशर्त. नंतर जिओला मालमत्ता विकायचा व्यवहार रखडला आणि ‘विक्रीच झाली नाही, पैसे कुठून देऊ’ असा बचाव आला. २० फेब्रुवारी २०१९ ला न्या. नरीमन आणि न्या. विनीत सरन ह्यांनी तो फेटाळला, बिनशर्त माफीही स्वीकारली नाही. अनिल अंबानी आणि दोन उपकंपन्यांचे अध्यक्ष अवमानाचे दोषी ठरले. आधी जमा केलेल्या ११८ कोटींखेरीज ४५३ कोटी चार आठवड्यांत, नाहीतर तीन महिने कैद. शिवाय तीन कंपन्यांना प्रत्येकी १ कोटी दंड. १८ मार्च २०१९ ला पैसे पोचले.

साध्या पैशाच्या हुकूमनाम्याची रक्कम न भरल्यास वादीने दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावायची असते, जप्ती आणायची असते. त्यासाठी एरवी कुणी संचालकाला अवमानात ओढत नाही. इथे तुरुंगाची पाळी आली ती हमीपत्रामुळे. कोर्टाला दिलेलं हमीपत्र हेतुपुरस्सर मोडणं हे अवमान कायद्याच्या कलम २(ब) मध्येच येतं.

पोफळी:

त्याच प्रकरणातली एक बाजूची गोष्ट: अध्यक्षांनी जातीने हजर राहावं असा आदेश असताना संकेतस्थळावर ‘हजेरीतून सूट’ असं उमटलं, आणि त्यापायी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. अपलोड झालेला आदेश शब्दन् शब्द वाचायची सवय दोन्ही बाजूंनी लावून घ्यावी. मुंबईत चूक आढळली तर ‘स्पीकिंग टु द मिनिट्स’ लावून दुरुस्त करून घेता येते, मात्र ती लगेच लावायला हवी.

शेवंती:

टर्मिनल२, मग हमीपत्राचा मसुदा कसा असावा?

टर्मिनल२:

आदेश बिनशर्त असेल आणि आपले पैसे एखाद्या विक्रीवर अवलंबून असतील तर हे हमीपत्रात लपवून लिहू नये. आदेश होत असतानाच उघड सांगावं आणि आदेशात नोंदवून घ्यावं. कोर्ट तयार नसेल तर हमीच देऊ नये, दिवाळखोरीची प्रक्रिया परवडली. सही संचालकाची लागते, तेव्हा त्या संचालकाला ‘ही फॉर्मॅलिटी आहे’ असं सांगू नये. आणि रक्कम हप्त्यांनी तोडून घ्यावी, म्हणजे पहिला हप्ता वेळेत गेल्याचं दाखवता येतं.

जेट एअरवेजही ह्याच रांगेतलं. दिवाळखोरीतली कंपनी पुन्हा उभी करायचा आराखडा एनसीएलटी मुंबईने २२ जून २०२१ ला मंजूर केला. तो आराखडा देणाऱ्या जालान-कालरॉक गटाने पहिला हप्ता ३५० कोटींचा द्यायचा होता. त्यांनी २०० भरले आणि उरलेल्या १५० साठी बँक गॅरंटी वळती करून घ्या म्हणाले. एनसीएलएटीने ते मान्य केलं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२४ ला सांगितलं, गॅरंटी वळती होणार नाही, १५० कोटी ३१ जानेवारीपर्यंत रोख भरा. भरले गेले नाहीत, तरी मार्चमध्ये एनसीएलएटीने पुन्हा वळतं करू दिलं. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने थेट कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. २०० कोटी जप्त, गॅरंटी वटवायला बँका मोकळ्या. गॅरंटी ही कामगिरीची हमी असते, तिलाच हप्ता म्हणून दाखवता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा.

भूषण पॉवरमध्ये मात्र उलट झालं. २ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाकडून त्या पोलाद कंपनीसाठीचा जेएसडब्ल्यूचा आराखडा रद्द, ३१ जुलैला तो निकाल मागे, २६ सप्टेंबरला आराखडा कायम. तिथे ईडीच्या जप्तीसारखी कारणं आड आलेली होती, म्हणून उशीर खपला.

अर्धविराम:

येणेकरी बाजूने एक. दिवाळखोरी संहितेच्या कलम ९ ची (माल-सेवेचे पैसे थकल्याची) याचिका तडजोडीवर मागे घेताना, हप्ता चुकला तर तीच याचिका पुन्हा उघडता येईल, अशी मुभा आदेशातच घ्या. नुसतं ‘याचिका मागे घेतली’ एवढंच नोंदवलं तर हप्ता चुकल्यावर नवी याचिका करावी लागते, आणि तडजोड मोडणं हे ‘ऑपरेशनल डेट’ (माल-सेवेचं थकलेलं देणं) नाही असं काही खंडपीठांनी म्हटलेलं आहे. शिवाय तोवर काही हप्ते आलेले असतात, बाकी १ कोटीच्या खाली गेली की दारच बंद.

हिशेबनीस:

बरोबर. बँकेच्या ओटीएसलाही (एकरकमी तडजोडीलाही) जोडून घ्या: त्याची तारीख चुकली तर उच्च न्यायालय रिट अधिकारात ती वाढवून देऊ शकत नाही (स्टेट बँक विरुद्ध अरविंद्रा इलेक्ट्रॉनिक्स, २०२२). बँकेशी लेखी बोलणी करा, तेवढाच मार्ग.

न वटलेल्या चेकचं थोडक्यात. चेक परतल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, ते संपल्यावर एक महिन्यात तक्रार. तक्रारीचा उशीर माफ होऊ शकतो, नोटिशीचा नाही. शिक्षेवर अपील करताना कलम १४८ खाली दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के, ६० दिवसांत, फार तर आणखी ३०. हे कलम १४८ परक्राम्य संलेख कायद्याचं. वर रोजनामांनी सांगितलेलं दिवाणी संहितेचं. आकडा एकच असल्याने चुकीचं कलम टाकलेले अर्ज होतात. आणि कंपनी दिवाळखोरीत गेली की तिच्यावरचा खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकावरचा थांबत नाही (पी. मोहनराज, २०२१).

शेवंती:

शेवटची शंका. गॅरंटी दिली, दावा सुरू झाला, आता निवांत?

हिशेबनीस:

नाही. गॅरंटी बहुधा वर्षाची असते, दावा सात वर्षं चालतो. आदेशात ‘दावा निकाली निघेपर्यंत गॅरंटी जिवंत ठेवावी’ असं असतं आणि नूतनीकरणाची आठवण रजिस्ट्री देत नाही. गॅरंटी संपली की अट मोडली, आणि वादी तिसऱ्या वर्षीही हुकूमनाम्याचा अर्ज करू शकतो. संपण्याच्या ६० दिवस आधी बँकेला पत्र, ३० दिवस आधी नूतनीकरणाचं मूळ पत्र रजिस्ट्रीत, त्याची पोच फाइलला. त्यात वकील बदलला तर नव्या वकिलांना वकीलपत्राबरोबर गॅरंटीच्या तारखेचा कागद पहिला द्या.